ताग नव्हे, तागु

पत्नी जाऊन तीन महिने झाले होते आणि देवघरातला दिवा मी एकदाही लावला नव्हता. रागाने नव्हे. तिच्या आजारपणात दत्ताजवळ जे मागितलं ते मिळालं नाही, आणि पुन्हा काही मागायला तोंड उरलं नव्हतं, इतकंच. भक्ती तिची होती. पहिली भाकरी ती कुत्र्यांना घालायची, ही दत्ताच्या पायाशी बसणारी म्हणून. मी शेजारी पुस्तक वाचत असायचो.

मुदखेडच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि त्याच वर्षी निवृत्त झालो. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. विहिरीत दोर सोडला की बादली दगडावर वाजे. मुलगी कोल्हापूरच्या पुढे, घाटाजवळच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिने लिहिलं, "बाबा, इकडे या, इथे पाणी आहे. आणि आईची कुत्री मागे ठेवू नका." कुत्री तीन. भुऱ्या, मोत्या आणि म्हातारी चिन्नी. एस.टी.त त्यांना कोण घेणार? पण गावातल्या माणिकची मेटॅडोर चाऱ्यासाठी कोल्हापूरकडे रिकामी निघाली होती. तीन दिवसांचा रस्ता. मागच्या भागात गोणपाटं अंथरली, पाण्याचा डबा भरून घेतला आणि उजाडायच्या सुमारास आम्ही निघालो.

खरी काळजी चिन्नीची होती. पत्नी गेल्यापासून तिला शेजारच्या काकू कसंबसं खाऊ घालत. माझ्या हातचं ती घेत नसे. आदल्या दिवशी काकू लेकीकडे गेल्या, आणि तेव्हापासून चिन्नीने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. रेल्वेच्या फाटकात थांबलो तेव्हा मी ताटलीत पाणी ओतून तिच्यापुढे धरलं. "चिन्नी, पाणी पी," म्हणालो. वर्गात मुलांना सांगावं तसं, स्पष्ट. तिने मान वळवली. भुऱ्या-मोत्याने तिचंही पाणी चाटून टाकलं.

नांदेडला गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "वय झालंय, गुरुजी. वर हे ऊन. संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर अवघड आहे. मी तर म्हणेन, परत न्या." परत कुठे न्यायचं? घरात पाणी नव्हतं आणि जिच्या हातून ती प्यायची तीही नव्हती, काकूही नव्हत्या. माणिकने गाडी लोह्याच्या रस्त्याला घातली. मी पुढची सीट सोडून मागे जाऊन बसलो. चिन्नीचं डोकं मांडीवर घेतलं. तिने ते घेऊ दिलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

माणिक मला हसवायला बघत होता. "गुरुजी, दत्ताला चार असत्यात, तुमाला तीनच. एक सुट्टीवर हाय का?" मी हसलो नाही. मग आपल्या सासुरवाडीचं सांगू लागला. सासुरवाडी अहमदपूरची, म्हणजे आधी उस्मानाबाद जिल्हा आणि आता नवा लातूर. "घर जागच्या जागी, अन् जिल्हा उठून गेला. बायको म्हनून ऱ्हायली, माझं माहेर सरकारनं पळवलं." बाहेर दोन्ही बाजूंना रान उघडं पडलं होतं. पळसाला तेवढा रंग होता. मला वाटतं, तेवढ्यात मी मनातल्या मनात दत्ताशी बोललो. मागितलं असं म्हणवत नाही. एवढंच म्हणालो, मला काही देऊ नकोस, हिला पाणी पाज. माझ्याच्याने होत नाही.

जिल्ह्याची हद्द लागली तिथे दुष्काळी काम चालू होतं. रस्ता रुंद करत होते. एक रंगारी शिडीवर चढून नव्या पाटीवर 'लातूर' रंगवत होता आणि खाली बायामाणसं ओळीने खडी फोडत होती. मुकादमाने गाडी थांबवली. पुढे डांबर ओतलं होतं. माणिकने गाडी कडेच्या बाभळीखाली लावली आणि मी मागचं दार उघडलं.

त्याच बाभळीखाली एक वडार बाई जेवायला बसली होती. साठीची असेल. तिने ओळीकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "दा! दा!"

चिन्नीने कान टवकारले. तीन महिन्यांत मी ते कान असे उभे पाहिले नव्हते. तिने मान उचलून त्या बाईकडे बघितलं आणि शेपटी गोणपाटावर एकदा आपटली.

बाईने ते पाहिलं. भाकरी खाली ठेवून ती जवळ आली. "हिला आमची बोली कळतीया. नाव काय हिचं?"

"चिन्नी. पण पाणी पीत नाही हो. कालपासून."

"कसं पेईल? तुमी काय म्हनता तिला?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. मग तिने आपल्याच मडक्यातलं पाणी घमेल्यात ओतलं, घमेलं खाली ठेवलं आणि मांडीवर थाप मारली. "दा, चिन्नी, दा. नीळ्ळु तागु."

चिन्नी थरथरत उठली. माणिकने तिला आधार देऊन खाली उतरवलं. ती घमेल्याशी गेली आणि प्यायली. थांबली, धापा टाकल्या, पुन्हा प्यायली. त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. ओळीतले हातोडे थांबले होते.

"कोन शिकवलं हिला?" बाईने विचारलं.

"माझ्या पत्नीने. तिचं माहेर धर्माबादचं, घरी तेलुगू बोलायचे."

"आमची बोली बी त्यातलीच. मंग तुमाला न्हाई शिकवलं?"

खरं होतं ते सांगितलं. लग्नानंतर महिनाभरात मीच म्हणालो होतो की घरात मराठीच बोलायचं, नाहीतर पुढे मुलांची भाषा बिघडेल. तिने वाद घातला नाही. ती माझ्याशी चांगलं मराठी बोलली आणि कधी चुकली तर मी दुरुस्त केलं. तिची भाषा गेली ती परसात, कुत्र्यांजवळ. ताटली ठेवताना ती काहीतरी 'ताग, ताग' म्हणते असं मला ऐकू यायचं. आमच्या रानात ताग कधी पेरला नव्हता, तरी मी एकदाही विचारलं नाही. शेजारच्या काकूंनी मात्र ते तिच्याकडून उचललं असणार.

"म्हना मंग आता," बाई म्हणाली. "दा म्हंजी ये. नीळ्ळु तागु, म्हंजी पानी पी."

"निळू ताग," मी म्हणालो.

सगळी ओळ हसली. "अवं गुरुजी, ताग रानात! तागु. अन् हा निळू कोन?" सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "आत्या, छडी द्या ह्यांना." शिडीवरचा रंगारीही ब्रश थांबवून ऐकत होता. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा चुकलो. पाचव्यांदा म्हणालो तेव्हा चिन्नीने घमेल्यातून तोंड वर केलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली. बाईने "पास" म्हटलं. मीही हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावंसं वाटत नव्हतं.

डब्यातलं पाणी मी तिच्या मडक्यात भरून दिलं. नाव विचारायचं राहिलं, कारण डांबरावर वाट मोकळी झाली होती आणि मुकादम शिट्टी मारत होता. ती बाई कोण होती, तिथेच का बसली होती, याचा काथ्याकूट मी करत नाही. ती खडी फोडायला आली होती. मी मागितलं होतं आणि पाणी मिळालं. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी इतकी वर्षं शिकवत आलो. त्या दिवशी मला ते चार लोकांत उच्चार चुकण्यासारखं वाटलं. देवाशीही मी आजवर माझ्याच भाषेत, व्याकरण सांभाळून बोलत होतो. त्याने काही वेगळ्या बोलीत सांगितलं असेल, तर ते मी ऐकलंच नव्हतं.

ऊन उतरायच्या आत लातूरला पोहोचलो. धर्मशाळेच्या अंगणात चिन्नीने दुधात कुस्करलेली भाकरी माझ्या हातून खाल्ली. मी तार ऑफिसात जाऊन मुलीच्या दवाखान्यात ट्रंककॉल लावला. आवाज तुटत होता. खुशाली सांगून झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "अगं, मला दोन शब्द आले. दा. आणि तागु."

पलीकडे ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, मला सगळंच येतं. तुम्ही शाळेत गेलात की आई माझ्याशी तेलुगूतच बोलायची. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

मला राग यायला हवा होता. आला तो आनंद, आणि मी इतक्या मोठ्याने हसलो की काउंटरवरचा माणूस वर बघू लागला. माझ्या घरात तीस वर्षं माझ्या पाठीमागे हसणं-बोलणं चालू होतं. पत्नी एकटी नव्हती.

"मग मला सांग," मी म्हणालो, "येतो, असं कसं म्हणायचं?"

"वस्तानु."

मी तो शब्द हळू, नीट उच्चारला. तिने तो दुरुस्त केला.