सत्यवती काकूंचा अर्धा तास

सत्यवती काकू टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या की त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे आमच्या बिल्डिंगमधल्या मांजरालासुद्धा कळतं. काकू मालिका बघत नाहीत. मालिका बघणाऱ्यांना त्या “रडूबाया” म्हणतात. त्या विटांचा गेम खेळतात. वरून वाकड्यातिकड्या विटा पडतात, त्या फिरवून फिरवून नीट बसवायच्या, आडवी ओळ पूर्ण भरली की ती गायब. विटांचा ढीग वरपर्यंत पोचला की खेळ खलास.

टीव्हीला जोडायचा तो गेम खरं तर त्यांच्या मुलासाठी, कौस्तुभसाठी घेतलेला, तो सातवीत असताना. “बघू तरी काय मेलं आहे एवढं त्यात,” असं म्हणून काकूंनी त्याच्या हातातून रिमोट हिसकावला, तो त्याला परत मिळालाच नाही. कौस्तुभ बारावी होऊन इंजिनियरिंगला सांगलीला गेला. गेम नालासोपाऱ्यातच राहिला.

संध्याकाळी प्रल्हाद काका ऑफिसातून दमून येतात आणि दारातूनच विचारतात, “भात लावलास का गं?”

“ही ओळ भरली की.”

“कालही हेच म्हणालीस.”

“काल दुसरी ओळ होती.”

मग काका बॅग खांद्यावरून न काढता मागे उभे राहतात, बस येईल येईल म्हणून स्टॉपवर थांबलेल्या माणसासारखे.

तर २००४ च्या डिसेंबरात गास रोडच्या खांबांवर बोर्ड लागले. ‘भव्य! दिव्य! डिजिटल! गेमिंग महोत्सव!’ बोर्डावर नऊ फोटो होते. आठ कमिटीचे, गॉगल लावून हात जोडलेले, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, तो बिचारा बिनगॉगलचा. खाली लिहिलेलं, ‘भिंतभर पडद्यावर जुने-नवे गेम’. काकू भाजीची पिशवी घेऊन त्या खांबाखाली उभ्या राहिल्या.

“भिंतभर?” त्या पुटपुटल्या. घरच्या टीव्हीवर त्यांची वीट पारले बिस्किटाएवढी दिसायची.

महोत्सवाचा कर्ताधर्ता कल्पेश दादा. सायबर कॅफे चालवतो आणि गणपती मंडळाचा सेक्रेटरी आहे. त्यामुळे त्याला जगातला कुठलाही कार्यक्रम एकाच पद्धतीने करता येतो. काकू त्याच्या कॅफेत तिकीट घ्यायला गेल्या.

“मुलासाठी का काकू?”

“माझ्यासाठी.”

कल्पेश दादा आधी हसला. मग त्याच्या डोळ्यांत ती चमक आली, जी वर्गणीला आल्यावर आतून कुकरची शिट्टी ऐकू आली की येते. घरात माणूस आहे म्हणजे.

“तुम्ही तिकीट कशाला काढता काकू? तुम्ही स्वयंसेवक व्हा ना. एकदम फुकट एन्ट्री. टेन्शन नाय. आपलं घरचंच कार्य समजा.”

फुकट म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेलं. टी-शर्ट एकशे ऐंशीचा, सक्तीचा. बिल्ल्याचे दहा. डबा आपापला. “पाणी आहे आपल्याकडे,” कल्पेश दादा मोठ्या मनाने म्हणाला, “फक्त ग्लास आणा.”

“थांब जरा,” काकू म्हणाल्या. “तिकीट काढून आले तर दीडशे. आणि फुकट आले तर एकशे नव्वद?”

“पण काकू, टी-शर्ट तुमचाच ना कायमचा!”

टी-शर्ट काळा होता. पुढे कवटी, कवटीच्या डोळ्यांतून जाळ, आणि पाठीवर ‘गेम ओव्हर’. काकूंनी तो साडीवरून घातला आणि आरशात बघून म्हणाल्या, “कुणाच्या बाराव्याला जायचं झालं तर उपयोगी आहे.” पण घातला. भिंतभर पडद्यासाठी बाई कवटी घालून दोन दिवस राबायला तयार झाली.

शनिवारी सकाळी वसईच्या एका मंगल कार्यालयात आम्ही तिकीटवाले पोचलो, तेव्हा काकू दारात रांगोळी काढत होत्या. कल्पेश दादाने कामं वाटलेली. मुलांनी मशीन सांभाळायची. बायकांनी रांगोळी, औक्षण आणि गेट. वटार गावची रिटा, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती, ती म्हणाली, “सर, मी मशीनवर थांबते ना. मला येतं सगळं.”

“नको गं, तिथे वायरी असतात. शॉकबिक लागेल. तू काकूंबरोबर ताट धर.”

मुख्य पाहुणे शत्रुघ्नशेठ. बिल्डर आणि महोत्सवाचे स्पॉन्सर. ते येईपर्यंत एकही मशीन चालू करायचं नव्हतं. शेठ दीड तास उशिरा आले. मग औक्षण झालं. मग दीपप्रज्वलन. मग प्रास्ताविक. मग कमिटीने एकमेकांचा सत्कार केला. पोरं खुर्च्यांवर बसून हवेतच बटणं दाबत होती.

“आणि आता,” कल्पेश दादा माईकवर विसर्जनाच्या आवाजात म्हणाला, “शत्रुघ्नशेठच्या शुभहस्ते यंत्रपूजन!”

हॉलमध्ये मोठे पडदे दोन होते. एकावर गाड्यांची रेस, दुसऱ्यावर जुने गेम, म्हणजे काकूंच्या विटा. गाड्यांच्या मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, आणि शेठनी नारळ उचलला. पहिला घाव. काही नाही. दुसरा घाव. शेठनी घाम पुसला. तिसऱ्या घावाला नारळ असा फुटला की सगळं पाणी जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात. फट्! हिरवी ठिणगी, जळक्या रबराचा वास, आणि गाड्यांचा पडदा काळा ठिक्कर.

मग कल्पेश दादा माईकवर, “शुभशकुन झालेला आहे! टाळ्या!”

रिटाने हातातल्या ताटाकडे बघितलं आणि ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “बरं झालं सर, मी वायरींजवळ नव्हते.”

पण गोची काकूंची झाली. गाड्या बंद पडल्यावर गाड्यांसाठी आलेली गर्दी कुठे न्यायची? दुसऱ्या पडद्यावर. विटा गेल्या. काकू कुंकवाचं ताट तसंच हातात घेऊन कल्पेश दादाच्या मागे.

“माझ्या विटा रे?”

“काकू, टेन्शन नाय. शेवटचा अर्धा तास स्वयंसेवकांचा. रविवारी साडेआठ ते नऊ, पडदा फक्त तुमचा. घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात की नाही?”

“शेवटच्या पंगतीला जिलब्या संपलेल्या असतात, कल्पेश. आयुष्यभर तिथेच बसत आलेय मी.”

“संपणार नाय काकू. माझा शब्द.”

मग दोन दिवस काकू गेटवर. तिकिटं फाडली, हरवलेली चप्पल शोधली, एका बाळाला झोपवलं, कारण त्याच्या बापाला बंदुकीच्या गेममधून उठता येत नव्हतं. दर थोड्या वेळाने कमिटीतला कुणीतरी एखादं कार्टं पुढे ढकलायचा आणि डोळा मारून म्हणायचा, “आपलाच आहे तो.” आपलेच इतके निघाले, की दीडशे भरून आलेले आम्ही परके रांगेत उभे राहून गाड्यांच्या आवाजावर समाधान मानत होतो. काकू मात्र मान वेळावून पडद्याकडे बघायच्या आणि बोटं पदराखाली हलवायच्या.

रविवारी साडेआठला गाड्या थांबल्या. पडद्यावर विटांचा गेम लागला. पडद्यासमोर काकू पहिल्या, मागे रिटा, तिच्यामागे बाकीचे कवटीवाले. काकू बसल्या, पदर खोचला, बटण दाबलं. पहिली वीट उतरली.

आणि माईक खरखरला.

“आता या शेवटच्या अर्ध्या तासात आपण आपल्या लाडक्या स्वयंसेवकांचा सत्कार करणार आहोत! शाल आणि श्रीफळ!”

“आत्ता?” रिटा ओरडली. “हा आमचा खेळायचा टाइम आहे सर!”

“म्हणूनच तर तुमचा सत्कार! प्रथम, सौभाग्यवती सत्यवतीताई!”

काकू हलल्या नाहीत.

“सत्यवतीताईंनी मंचावर यावं.”

एक ओळ भरली. गायब झाली.

“सत्यवतीताई... काकू... अहो काकू!”

“ही ओळ भरू दे,” काकू पडद्याकडे बघूनच म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. मंचावर शत्रुघ्नशेठ शाल उघडून उभे, फोटोग्राफर एका डोळ्याने तयार. शेवटी शेठच खाली उतरले. मोठ्या मनाचा माणूस दिसावा म्हणून हळूहळू चालत आले आणि काकूंच्या मागे, शाल दोन्ही हातांनी पसरून, दोरीवर वाळत घातल्यासारखे उभे राहिले. काकू वाकल्या की शाल वाकायची. फोटो निघेना. मग शेठची नजर पडद्यावर गेली.

“ती... ती उभी टाका,” शेठ म्हणाले.

“गप्प बसा हो.”

“अहो पण डावीकडे भोक राहिलंय!”

“दिसतंय मला.”

मंचाकडे आता कुणीच बघत नव्हतं. कल्पेश दादाने माईकवर दोनदा “हॅलो, हॅलो” केलं, मग खाली आला आणि सरळ प्लग उपटला. पडदा काळा.

“सॉरी काकू. हॉल नऊला सोडायचाय, आभारप्रदर्शन राहिलंय. वेळ संपला.”

“अरे, बंद काय केलंस?” शेठ भडकले. “ओळ भरत होती! मला पण एकदा खेळून बघायचं होतं.”

“तुम्हाला? बसा ना शेठ, बसा! लगेच लावतो!”

आणि लावला. उपटला होता त्याहून जलद लावला. काकूंचा वेळ संपला होता तो शेठसाठी पुन्हा सुरू झाला. काकू खुर्चीवरून उठल्याच नव्हत्या. त्यांनी मान वळवली.

“शेठ, रांग तिकडे आहे.”

“मी... मी स्पॉन्सर आहे.”

“हो ना. पाहुण्यांच्या पंगती दोन दिवस उठल्या. ही घरच्यांची आहे.”

शेठनी कल्पेश दादाकडे बघितलं. कल्पेश दादाने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. रिटा एवढंच म्हणाली, “शेठ, शेवटच्याच्या मागे. धक्काबुक्की नाही करायची.” दोन दिवस गेटवर म्हणून म्हणून तिचा आवाज अगदी कंडक्टरसारखा झाला होता. आणि खरं सांगतो, शत्रुघ्नशेठ शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकून रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कल्पेश दादा मंचावर चढला आणि रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानू लागला. हॉलवाल्याचा माणूस झाडू घेऊन आला होता, तोही रांगेत शिरला.

आता काकूंनी विक्रम वगैरे केला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. कसला विक्रम! भिंतभर पडद्यावरची एकेक वीट फ्रिजएवढी. डावीकडची बघावी तर उजवीकडची दिसत नाही. काकू मान फिरवत राहिल्या आणि दोन मिनिटांत ढीग वरपर्यंत. घरी अशी नामुष्की त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्या उठल्या, रिटाला म्हणाल्या, “पुढचा,” आणि तरातरा चालत जाऊन झाडूवाल्याच्याही मागे उभ्या राहिल्या. मग पुढे वाकून शेठच्या शालीला हात लावला.

“शेठ, तुमचा नंबर आला की लवकर आटपा हं. मला अजून एकदा खेळायचंय.”