माळकरी बोका

परवा फोनवर तुम्ही दोघं एकमेकांच्या हातातून फोन ओढत सांगत होतात, की तुमच्या मांजराची लघवी अडली, त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि आता डॉक्टरांनी त्याचं खाणंच बदललंय. "आजी, नुसत्या जेवणानं असं काही होतं का गं?" असं विचारलंत, आणि मी काही सांगायच्या आत फोन तुमच्या आईनं घेतला. होतं. आपल्या घरातच झालं होतं, तुमची आई शाळेत जात होती तेव्हा. तिलाही सगळं आठवत नसेल, म्हणून लिहिते.

माझे सासरे, म्हणजे तुमच्या आईचे आजोबा, यांना सगळे आबा म्हणत. सोनगीरला त्यांची शेती होती आणि गावातच घर. सासूबाई गेल्यावर तिथे एकट्यानं राहणं त्यांना जमेना, तेव्हा तुमच्या आजोबांनी त्यांना आमच्याकडे जळगावला आणलं. एसटीतून उतरताना आबांच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात धोतराच्या फडक्यानं तोंड बांधलेली टोपली. टोपलीत बोका होता. पिवळा, रुंद तोंडाचा, एका कानाला खाच पडलेला. सासूबाईंनी त्याला अगदी लहान असताना वातीनं दूध पाजून जगवलं होतं. शेत आबांनी वाट्यानं दिलं, घराला कुलूप लावलं; बोक्याला मात्र कुणाकडे ठेवायचा विषयही त्यांनी काढू दिला नाही.

आबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस, मासे, अंडं यांना शिवायचं नाही, हा नेम. तरुणपणी घातलेली माळ त्यांनी कधी उतरवली नव्हती. बोकाही त्यांच्याबरोबर दूध-भाकरी खाई, आणि याचा आबांना फार अभिमान होता. कुणी भेटायला आलं की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी ते सांगत, "मना बोका बी माळकरी शे. बठ्ठा जनम दूधभाकर. मांसले तोंड लावत नही." बठ्ठा म्हणजे सगळा.

तुमचे आजोबा एकदा म्हणाले, "आबा, त्यालाही एक माळ आणू का बाजारातून?"

"आन ना. पन तो तोडी टाकी," आबा म्हणाले. "तुनामायक शे तो. गयामा काहीच टिकत नही."

तुझ्यासारखाच आहे तो, असा हा टोला होता, कारण तुमच्या आजोबांनी लग्नातली सोन्याची साखळी कुठेतरी हरवली होती.

जळगावच्या आमच्या घराला पुढे मागे थोडं अंगण होतं. मागच्या अंगणात शेवगा होता आणि त्याच्या बुंध्याशी भुसभुशीत माती. बोक्यानं ती जागा आपल्या कामासाठी पहिल्याच दिवशी पसंत केली. तो दिसायचा धष्टपुष्ट. दिवसभर आबांच्या खाटेखाली गार फरशीवर पसरलेला असे. इथे त्याला करायला काही कामच नव्हतं. घर सिमेंटचं, डबे पितळेचे आणि स्टीलचे, झाकणं घट्ट. हे मी आत्ता का सांगते आहे ते पुढे कळेल.

पुढचा उन्हाळा खानदेशच्या मानानंही कडक होता. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नसे. त्या दिवसांत मी पाहिलं, की बोका शेवग्याखाली जातो, खड्डा करतो, बसतो, बराच वेळ कण्हतो आणि माती कोरडीच ठेवून उठतो. परत थोड्या वेळानं जातो. मग सारखा अंग चाटत बसतो. आबांच्या ते माझ्याही आधी लक्षात आलं होतं.

"त्याले उन्हाळी लागनी," ते म्हणाले. उन्हात माणसाला लघवीला जळजळ होते, तिला आपल्याकडे उन्हाळी म्हणतात. आबांना स्वतःला मुतखड्याचा जुना त्रास होता, तेव्हा या दुखण्यातलं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री होती. आमच्या भागात मुतखड्यावर एकच औषध सगळ्यांना पाठ असतं: केळीच्या खोडाचं पाणी. माझी नणंद चोपड्याला, केळीच्या मळ्यातच दिलेली. आबांसाठी ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर खोडाचे तुकडे पाठवी. आबा ते स्वतः किसत, फडक्यात पिळत आणि सकाळी अनशापोटी घेत. आता ते दोन वाट्या भरू लागले. एक स्वतःची, आणि एक लहान वाटी बोक्यासाठी. त्याला मांडीवर आडवा घेऊन, जबड्याच्या कोपऱ्यातून चमच्यानं पाजत आणि वर त्यालाच समजावत, "कडू शे, माले ठाऊक शे. मी बी पेस ना रोज?"

मला यात काही वावगं वाटलं नाही. माणसाला जे चालतं ते मांजराला चालत असणार, हे तेव्हा आम्ही सगळेच धरून चाललो होतो. चार-दोन दिवसांत बोक्यानं दूधही सोडलं. त्याचं पोट खाली टणक लागू लागलं, हात लावला की तो ओरडे. तुमच्या आजोबांनी रिक्षा आणली, आणि आबा तीच जुनी टोपली मांडीवर घेऊन बसले.

गुरांचा दवाखाना म्हणजे तेव्हा खरोखर गुरांचा दवाखाना. आवारात लिंबाखाली बैल आणि म्हशी बांधलेल्या, मधे शेणाचे पो. डॉक्टरांनी टोपलीचं फडकं उचललं आणि म्हणाले, "मला वाटलं कोंबडी आणलीत. मांजर घेऊन आलेले या महिन्यात तुम्हीच पहिले." पण पोटाला हात लावल्याबरोबर त्यांची थट्टा थांबली. बोक्यांचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो, तो बारीक खड्यांनी बंद झालाय, आणखी उशीर केला असता तर लघवीचं विष अंगात भिनून तो मेला असता, असं त्यांनी सांगितलं. सुई देऊन, बारीक नळी घालून त्यांनी ती वाट मोकळी केली. ताटलीत जे आलं ते तांबूस होतं आणि तळाशी पिठूळ वाळू होती.

हात धुताना त्यांनी विचारलं, "खायला काय देता?"

आबांनी सोनगीरपासूनचं नेहमीचं सांगितलं. दूध-भाकरी, बोका माळकरी, मांसाला तोंड लावत नाही.

"बरं. गावाला धान्य कशात ठेवायचात, आबा?"

"कोठीमा. मातीनी कोठी व्हती आमनी."

"उंदीर असतील?"

"पहिले व्हतात. हाऊ बोका उना आन् बठ्ठा उंदरं गयात."

"कुठे गेले?"

डॉक्टर टॉवेलला हात पुसत राहिले. मी आबांकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं तो बोका दिवसा त्यांच्या हातची दूध-भाकरी खात होता आणि बाकीचं पोट कोठीमागे भरत होता, आणि जळगावच्या घरात कोठीही नव्हती आणि उंदीरही नव्हता.

मग डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं ते अजून माझ्या लक्षात आहे. मांजराचं शरीर मांसावर चालतं. मांस खाल्लं की त्याची लघवी जराशी आम्ल राहते, आणि असे खडे सहसा धरत नाहीत. नुसत्या पिठाच्या खाण्यानं ती उलट क्षारी होते. केळीचं पाणी क्षारांचं, म्हणजे त्या उलट्या बाजूला आम्ही आणखी भरच घालत होतो. शिवाय मांजर मुळात पाणी कमी पितं. उंदरासारख्या ओल्या भक्ष्यातूनच त्याला बरंचसं पाणी मिळतं. म्हणून त्याला उकडलेली कोंबडी द्या, अधूनमधून काळीज, काटे काढलेला नदीचा मासा, आणि ते शिजवलेलं पाणी भरपूर. मीठ नको, कांदा नको. सुके बोंबील तर मुळीच नकोत.

"आमना घरमा हाई चालत नही," आबा म्हणाले.

"आबा, माळ तुम्ही घातलीय. बोक्यानं नाही."

आबांनी टोपलीचं फडकं बांधलं.

घरी मी विषय काढून पाहिला. केळीचं पाणी त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, बोक्याचं आणि हट्टानं स्वतःचंही. पण मांस नाही. दुधात पाणी घालू, मुगाचं कढण देऊ, माठाखाली वाटी ठेवू, असं त्यांचं चाललं. माठाच्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे बोका खरंच आवडीनं जाई. मला वाटलं, निभेल. तुमचे आजोबा म्हणाले, बाहेरून काहीतरी आणून त्याला गुपचूप घालू. मी नको म्हटलं. घर माझं असलं तरी त्या घरात आबांना चोरून काही शिजावं हे मला बरं वाटेना. आणि बोका त्यांचा होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तो पुन्हा अडला. पुन्हा रिक्षा, पुन्हा ती ताटली. या वेळी डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी नळी घालू शकतो, आबा. दर वेळी तो सोसेल असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला शिकवायला निघायच्या गडबडीत होते. मागच्या अंगणातून घासल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर आबा एक मोठा दगड सरकवत होते. दोन आधीच भिंतीकडेला मांडलेले होते. आबांचे भाऊ मटण खाणारे होते, पण त्यांच्या घरातही ते चुलीवर चढत नसे. मळ्यात तीन दगड मांडायचे, पुरुषांनीच शिजवायचं, तिथेच खायचं आणि भांडी तिथेच झाडाला टांगून यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आबा तशा चुलीजवळ कधी फिरकले नव्हते, पण दगड कसे मांडतात ते त्यांना ठाऊक होतं.

"आठे," त्यांनी दगडांकडे बोट दाखवलं. "घरमा नही. भांडं घरमा येवाले नको. आन् माले दखाडू नको."

म्हणजे मला दाखवू नको. मी त्याची नीट व्यवस्था लावली. एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं, एक पळी, दोन्ही शेवग्याच्या फांदीला. तुमचे आजोबा स्कूटरवरून कोंबडी आणत, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पालक ठेवून. शिजवायचं काम माझं. मी खात नसे, पण मला किळसही नव्हती. भिंतीपलीकडच्या मारवाडी भाभी पापड वाळत घालताना नाक वर करून म्हणाल्या, "दीदी, तुमच्याकडे काय शिजतंय हो?"

"बोक्याचं औषध," मी म्हटलं.

"आमच्या पापडांना नका लावू तुमचं औषध," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांचे पापड उचलल्यावरच चूल पेटवत असे.

पहिल्या दिवशी वाटी ठेवली तेव्हा आबा अंगणाकडे पाठ करून ओट्यावर बसले होते. मला वाटलं होतं, बोका सवय नसल्यामुळे हुंगून निघून जाईल. तो इतक्या घाईनं खायला लागला, की वाटी फरशीवर खरखरत पुढे सरकत गेली. आबांनी तो आवाज ऐकला. वळून न बघता ते म्हणाले, "इतला दिन उपाशी व्हता का रे तू?"

त्यानंतर पाहुण्यांना ते बोक्याबद्दल काही सांगेनासे झाले. मात्र एक नवं काम त्यांनी अंगावर घेतलं. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी ते शेवग्याखाली जात, वाकून माती बघत आणि तिथूनच घरभर ऐकू जाईल असं ओरडत, "मुतना!" म्हणजे मुतला एकदाचा. तुमची आई शाळेत जाताना मैत्रिणी दारात उभ्या असल्या की लाजेनं लाल व्हायची. एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर मी हातातलं काम टाकून मागे जाई. पण ते नुसते वाट बघत बसलेले असत आणि थोड्या वेळानं बातमी येई.

असेच महिने गेले. एकदा मला पेपर तपासण्याच्या कामासाठी धुळ्याला जावं लागलं. सकाळी जाऊन दुपारी परतायचं ठरलं होतं, पण काम लांबलं आणि परतीची एसटी पारोळ्याच्या पुढे बंद पडली. तुमचे आजोबा दौऱ्यावर होते. दुपारी येऊन शिजवायची कच्ची कोंबडी मी सकाळी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बंद डब्यात ठेवून गेले होते. तेवढी सवलत आबांनी मला पुढे पुढे दिली होती, तो डबा ते बघत नसत एवढ्या अटीवर. रस्त्याकडेला उभी राहून मी बोक्याचा विचार करत होते. एक वेळ उपास त्याला काही करणार नव्हता, पण भूक लागली म्हणून आबा दूध-भाकरी घालतील आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होईल, अशी भीती वाटत होती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढचं दार उघडं होतं. आबा ओट्यावर बसले होते, नुकतीच अंघोळ केलेली, केस ओले, अंगावर धुतलेलं धोतर. त्या वेळी ते कधी अंघोळ करत नसत. बोका त्यांच्या पायाशी पंजा चाटत होता.

मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मुतना."

मी मागे गेले. दगडांमधली राख अजून कोमट होती. पातेलं घासून, उपडं करून शेवग्याला टांगलेलं होतं, आणि त्यातून पाणी टपकत होतं.