रबराचा डबा

बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत दर शनिवारी चित्रकलेचे एक मास्तर यायचे. आल्या आल्या जेवणाचा रिकामा डबा फिरवून सगळ्यांची रबरं गोळा करायचे आणि खुशाल त्या डब्यावर बसायचे. "जो दिखा सो बनाओ. मिटाना नक्को!" कुणी त्रिकोणी डोंगर काढले, की त्यांना समोसे ठरवून शेजारी चटणीची वाटी काढून द्यायचे.

एकदा म्हणाले, खिडकीतून दिसेल ते काढा. बाकीच्यांनी समोरच्या गच्चीवर नवीनच बसलेली केबलची छत्री काढली. मला दिसल्या ऑफिसात तोंड उघडं टाकून डुलक्या घेणाऱ्या मोठ्या बाई. मी त्याच काढल्या, आणि नेमक्या त्या जाग्या होऊन वर्गात आल्या. खोडायला रबर कुठलं? ते मास्तरांच्या बुडाखाली!

"कुणाचे हे प्रताप?" बाई कडाडल्या.

मास्तरांनी माझा कागद ओढून घेतला. "मैं बनाया, मॅडम."

"तरीच! आमची पोरं एवढं भिकार काढत नाहीत." बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या.

मी रडकुंडीला आले. मास्तर माझ्या कानाशी वाकले.

"दिल पे नक्को ले. नाक एकदम बराबर आई."