सॅमसनने माझ्यासाठी बोललेला नवस

काश्मीरमध्ये जंगलातल्या एका पोस्टवर आमची कंपनी अकरा महिने होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, सहाला गस्त, दुपारी परत, मग हत्यारांची सफाई. आमचा सेक्शन कमांडर नाईक सॅमसन. अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेला, मराठी बोलणारा ज्यू. मी लान्स नाईक कांबळे, करमाळा तालुक्यातला, उजनीच्या काठचा. सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही दुसरं कोणी नव्हतं.

शनिवारी तो विडीला हात लावायचा नाही. मी चिडवायचो, "तुमचा देव शनवारचाच ड्युटीवर आस्तो व्हय?"

"सातही दिवस असतो. तुझ्यासारखा पेंगत नाही," तो म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी पाच पन्नासला खबर आली. वरच्या ढोकात, म्हणजे गुराख्यांच्या मातीच्या झोपडीत, दोन अतिरेकी आहेत. आम्ही चौघे सर्वांत पुढे होतो. रेडिओवर कंपनी कमांडर बोलले, "अल्फा वन, दरवाजा कव्हर करो. अंदर नहीं जाना. ओव्हर."

"अल्फा वन, रॉजर."

सहा दहाला आम्ही तीस पावलांवर पोचलो आणि दार आतून उघडलं. गोळ्यांचा पहिला बर्स्ट माझ्या डावीकडच्या जवानाच्या तोंडावर बसला. तो ओरडलासुद्धा नाही. माझ्या उजव्या मांडीतून दोन गोळ्या गेल्या. हाड फुटल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर आली. मग ग्रेनेड पडला. रेडिओवाला जवान पोटाला धरून बसला, आणि बसल्या जागीच गेला. दोन मिनिटांत चौघांतले दोघे संपले होते.

सॅमसनने माझा पट्टा धरून मला फरफटत खालच्या नाल्यात आणलं. मांडीतून रक्त उसळत होतं. त्याने रायफलचा स्लिंग-पट्टा काढून जखमेच्या वर आवळला, काठीने पीळ दिला आणि त्यावर गुडघा रोवला.

"मरतोय मी," मी म्हणालो.

"गप. बायको आहे तुला."

मग त्याने मान वर केली आणि त्यांच्या प्रेषिताला मला ऐकू येईल असा नवस बोलला, "एलियाहू हन्नाबी, या कांबळेला जिवंत खाली पोचव. खंडाळ्याच्या दगडावर मलिदा करीन."

एवढं बोलून तो नाल्याच्या काठावर गेला. ते दोघे अतिरेकी आता बाहेर येणार, हे त्याला ठाऊक होतं. पहिला दारातून निघाला, सॅमसनने त्याच्या पोटात बर्स्ट घातला. तरी तो रांगत पुढे येत होता. सॅमसनने दुसरा घातला तेव्हा थांबला. दुसरा मागच्या भिंतीआड होता. त्याची गोळी सॅमसनच्या मानेत शिरली. सॅमसन घरंगळत माझ्या अंगावर आला.

दुसरा आम्हाला बघायला नाल्याच्या काठावर आला. सहा पावलं. मी पूर्ण मॅगझिन त्याच्यावर रिकामं केलं. विशीतला असेल. मला त्याचं काहीच वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

सॅमसनच्या मानेवर मी दोन्ही हात दाबून धरले. बोटांमधून रक्त येतच राहिलं. तो माझ्याकडे बघत होता, पण बोलता येत नव्हतं. हाताखालची धडधड थांबली तेव्हा सहा एकतीस झाले होते. बाकीची प्लाटून सहा चाळीसला पोचली.

पाय वाचला, नोकरी गेली. आता सोलापुरात एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सॅमसनच्या आईला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, फक्त नवस सांगितला नव्हता. शेवटच्या घटकेला पोराने स्वतःसाठी काही मागितलं नाही, माझ्यासाठी मागितलं, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? नऊ वर्षं मला भीती वाटत राहिली. गोळीची कधी तेवढी वाटली नव्हती.

शेवटी बायकोच म्हणाली, "त्या माउलीला खरं सांगून या की. किती दिस आसं जळायचं?"

खंडाळा म्हणजे घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गात गेले ती जागा इथलीच, असं बेने इस्राएल मानतात. दगडावर रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. मला त्या बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दिसल्या, पण मी डोक्याला रुमाल बांधला, चपला काढल्या आणि हात जोडले. सॅमसनच्या आई बरोबर होत्या; तिथेच त्यांना नवसाचं सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "स्वतःसाठी काहीच नाही मागितलं त्याने?"

"नाही, आई."

"आणि तू नऊ वर्षं हा नवस अंगावर घेऊन फिरलास?" त्यांचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच दगडावर मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नातलग आणि शेजारी जमले. सॅमसनसाठी मृताची प्रार्थनाही व्हावी, असं एका वयस्कर गृहस्थांच्या मनात होतं. त्यांनी माणसं मोजली. "नऊच आहेत. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात."

फौजेतल्या सवयीने मी पुढे झालो. "मी धरून दहा."

"तुम्ही नाही चालणार, बाबा. आमच्यातलेच लागतात," ते हळू आवाजात म्हणाले.

मी मागे सरलो. सॅमसनच्या जागी उभं राहायचीही माझी लायकी नाही, असंच वाटलं.

सॅमसनच्या आईने ताट उचललं. "राहू द्या. मेलेल्याचं आज म्हणायचंच नाही. हा जगला, त्याचा नवस आहे." एलियाहूचं गाणं म्हणून झालं, तशी त्यांनी पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. "खा. माझ्यासमोर खा."

मी खाल्लं. हातावरचं सगळं खाल्लं. नाईक सॅमसन गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. मी आज एक्केचाळीसचा आहे. त्यातली नऊ वर्षं त्याच्या नवसाची.