शेवटच्या रांगेतला हात

हिराजीकाकांनी पहिल्याच दिवशी मला स्टेजवर उभं केलं आणि विचारलं, "काय जेवलीस?" मुंबईतल्या एका डबिंग स्टुडिओतली नोकरी सोडून मी पनवेलच्या नाट्यगृहात काकांच्या हाताखाली साउंडच्या कामाला लागले होते. वय बत्तीस, हाताशी डिप्लोमा आणि स्वतःबद्दल बऱ्यापैकी गैरसमज. माईक तोंडासमोर धरून मी "हॅलो, हॅलो, चेक" सुरू केलं, तसे काका शेवटच्या रांगेतून ओरडले, "हॅलो नको, बाय! हॅलो कोनालापन समजतं. जेवलीस काय ते सांग. भाजी कसली ती हितं समजली पायजे."

मी सांगितलं. काकांनी मान हलवली. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा चिडून, एकेक शब्द सुटा करत "भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या" म्हणाले, तेव्हा कुठे काकांनी हात वर केला. तो हात वर गेल्याशिवाय आमच्याकडे पडदा उघडत नसे. बड्या बड्या नटांनाही त्यांनी त्या स्टेजवरून डाळभात, सुरमई आणि साबुदाण्याची खिचडी सांगायला लावलं. हात वर झाला की मगच ते आवाजाच्या मिक्सरपाशी जाऊन बसत.

काका उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले. लहानपणी वडील पलीकडच्या बांधावरून त्यांना भर वाऱ्यात हाक मारायचे. "बापूस वरडायचा नाय," काका सांगत, "शब्द मोकला सोडायचा. आवाज वाढवून काय व्हतं? कान दुखतो, समजत काय नाय." मिक्सरवरची बटणं मला येतच होती. काकांनी मला ऐकायला शिकवलं, आणि शिकवताना भरपूर छळलं.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी दुपारचा प्रयोग होता. माईक मी लावले होते, मिक्सरवर काका होते, मी विंगेत. दुसऱ्या अंकातला हळवा प्रसंग ऐन रंगात आला आणि स्पीकरमधून बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. थांबेचना! लोकांनी कानांवर हात ठेवले. मी धावत मिक्सरपाशी गेले तर काका शांतपणे स्टेजकडे बघत बसलेले. मीच हात घालून त्या माईकचं बटण खाली ओढलं, तेव्हा शिट्टी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लोकांचे कानांवरचे हात बघितले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

प्रयोग संपल्यावर नाटकाचे मॅनेजर माझ्यावर तुटून पडले. "माईक लावता येत नाहीत आणि कामाला ठेवतात! मी ऑफिसात लेखी तक्रार देणार आहे." माझी नोकरी कंत्राटी, एक तक्रार पुरेशी होती. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ते नुसते गप्प राहिले असते तरी निभावलं असतं.

"माईक तिनं बरोबर लावलेले," काका म्हणाले. "शिट्टी वाजली ती मना आयकाला आलीच नाय. बारीक आवाज मना आता येत नाय. काय लिवाचं ते माज्या नावावर लिवा."

उभा जन्म कानांवर काढलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगितलं. मला रडू आलं. आभार मानायचे राहिलेच; मी केबल गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मिक्सर माझ्याकडे आला. "शिट्टी तू पकड, शब्द मी पकडतो," म्हणून काका शेवटच्या रांगेत बसू लागले. शब्द पोचला की हात वर, हरवला की खाली. मिठागरातले कान त्या कामाला अजून पक्के होते. दोन वर्षं मी त्या हाताकडे बघून काम केलं.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. लोक पांगल्यावर काका मागे जाऊन आपल्या खुर्चीत बसले. "चल बाय, चेक कर. माईक नको."

मी स्टेजवर उभी राहिले. "वरणभात आणि वांग्याची भाजी," म्हणाले, आणि घाईघाईने पुढे जोडलं, "काका, त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून मी आज इथे आहे."

हात वर झाला नाही.

"वांगी समजली," काका म्हणाले. "पुढचं घाईत खाल्लंस. परत बोल."

मी परत बोलले. आवाज वाढवला नाही, एकेक शब्द मोकळा सोडला. काकांचा हात वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला.