मार्थामावशीचं मुठीचं गाडगं

सावनेरला कुणी फिरायला जात नाही. मीही हौसेने गेले नव्हते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मे महिना, नागपूरचं ऊन डोक्यात गेलेलं. शाळेत शिकवायचे, म्हणून सुट्टी मिळते म्हणतात. एक धड मिळाली असेल तर शपथ! घरात मार्थामावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती सावनेरला बायबल बाई होती, म्हणजे घरोघर जायचं, वचन वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं. उभा जन्म त्यात गेला. पाय सुजले तेव्हा आम्ही तिला नागपुरात महाल भागातल्या आमच्या खोल्यांत आणलं आणि तिने जेवणच टाकलं.

"मावशी, दोन घास तरी खा," मी म्हणायचे.

"कायले? माह्या हातून एक माणूस प्रभूकडे आलं नाही. आता त्याले काय तोंड दाखवू?"

डॉक्टर म्हणाले, औषध राहू द्या, पोटात अन्न जाऊ द्या. पण ऐकेल तर ना! तिची पेटी आणायची होती, प्रार्थनेच्या खोलीची किल्ली मालकाला परत द्यायची होती. मी निघाले.

आज तुम्ही आरामात पोचाल, रस्ता चांगला झालाय. तेव्हा एस.टी. नुसती खडखडायची. खिडकीतून गरम वारा, तोंडात धूळ, आणि कोराडीच्या पुढे इंजिन तापलं म्हणून सगळे खाली. शेजारच्या काकांनी विचारलं, "सावनेरले काय काम काढलं, बाई?"

"किल्ली द्यायची आहे."

"एवढ्या उन्हात, किल्लीसाठी?" ते खो खो हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

सावनेरच्या स्टँडवरचे तर्री-पोहे मात्र झकास. सकाळीच खा, दुपारी तर्रीचं पाणी होतं. अन् डोक्याला दुपट्टा बांधाच.

खोली म्हणजे काय, एक बाक, एक सतरंजी, खिळ्याला लाकडी क्रूस. एवढ्याशासाठी बाईने आयुष्य घालवलं? मला मावशीचा रागच आला, आणि कीवही. पेटी ओढत बाहेर काढली तशी समोरच्या दारातून हाक आली. गोदावरीबाई. नवरा कोळशाच्या खाणीत, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मार्थाबाईची भाची ना वं तू? ये, चहा घे."

त्या भात टाकत होत्या. आधणात तांदूळ वैरण्याआधी त्यांनी एक मूठ बाजूला काढली, कोपऱ्यातल्या गाडग्यात सोडली आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन!"

माझा चहा सांडला. रांधताना एक मूठ देवासाठी काढायची, ही आम्हा ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. पण इथे?

"हे काहून करता?"

"काहून म्हणजे? मार्थाबाईचंच गाडगं आहे हे. मी खाटेवर होती तवा तिच्या मुठीची पेज पिऊन उठली. ती नागपूरले गेली, आता आजाऱ्याले पेज कोण देईन? मंग सगळी गल्ली मूठ टाकून राहिली. विहारात जाणाऱ्या बायाबी टाकतात." मग हळूच, "आमेन म्हटल्याबिगर मूठ लागू होत नाही ना वं?"

मावशी मूठ टाकून आधी प्रार्थना करायची, आमेन शेवटी, हे जिभेवर आलं होतं. "बरोबर करता तुम्ही," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू फुटलं.

किल्ली मालकाने न बघता खिशात टाकली. परतीची बस उभ्याने. कंबर गेली कामातून. सबंध रस्ता वाटत होतं, हे मावशीला पटेल का? तिला माणसं हवी होती, मी नेत होते एक गाडग्याची गोष्ट.

घरी ती तशीच पडलेली. मी पेटी टेकवली, फतकल मारून बसले आणि कुंकवापासून आमेनपर्यंत सगळं सांगितलं.

"ख्रिस्ती तर कोणी झालं नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"आता पेज कोणाले चालू आहे?"

"गल्लीच्या टोकाला एक बाळंतीण आहे म्हणे."

"जिरं टाकतात?"

"विचारलं नाही गं."

"एवढी गेली अन् तेच विचारलं नाही!" मावशी चिडून कुशीवर वळली, माझ्याकडे तोंड करून. "जा, मलेही कर वाटीभर. जिरं टाकून."