पाखरांना विकलेली काकडी

आमच्या प्रौढ वर्गात वाचण्यासाठी मी, वेणूबाई, ही ठमीची हकीकत लिहीत आहे. ठमी वर्गात माझ्या शेजारी बसते आणि बदलापूरच्या बाजारातही माझ्या शेजारीच बसते. मी लिंबू-मिरची विकते. ती डोंगरातील काकड्या आणि कंटोळी विकते. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने जे केले, ते आठवले की मला आजही जागेवर बसवत नाही!

ठमीची वाडी बारवी धरणाच्या बाजूस, डोंगरात आहे. तिच्या मालास तोड नाही. काकडी मोडली की वास दूरवर जातो. परंतु बाजारात ठमीच्या तोंडातून शब्द फुटत नसे. गिऱ्हाईक भाव विचारी, ती पदराशी पुटपुटे आणि गिऱ्हाईक पुढे निघून जाई. मग हातगाडीवाला विक्रांत येई.

"काय ताई, आजपण मौनव्रत? द्या इकडे टोपली, मी खपवतो."

पडेल भावात घेतलेला तोच माल तो समोर उभा राहून, ओरडून, चढ्या भावाने विकत असे.

गणपती उठल्यावर तिचा नवरा देऊ तिला म्हणाला, "भाजीवर घर चालत नाय. दसऱ्याला भट्टीचा मुकादम येल. त्याला शब्द देतो, दिवाळी झाली की भट्टीवर जायाचं."

विटांच्या भट्टीवर जाणे म्हणजे साऱ्या कुटुंबाने पावसाळ्यापर्यंत परगावी झोपडी बांधून राहणे. त्यांची मुलगी प्रतिभा आठवीत शिकते. तिची शाळा सुटणार होती. ठमीने हे मला सांगितले, तेव्हासुद्धा तिचा आवाज मला जेमतेमच ऐकू आला.

सोनिवलीच्या आमच्या वर्गात किर्तीबाई शिकवतात. त्याच सुमारास त्या म्हणाल्या होत्या, "प्रत्येकीने एक सवय धरा. लहान असू दे, पण रोजची. आणि जे काम तुम्ही रोज करताच, त्याच्या शेपटीला ती बांधा. म्हणजे आठवण करावी लागणार नाही."

मी चहा पिता पिता दुकानाची एक पाटी वाचण्याचे ठरविले. ठमीने ठरविले, बाजारात आल्यावर रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचे. ती रिक्षाथांब्यापर्यंत जाई आणि कोणाशी न बोलताच परत येई.

"आज्ये, जीभ टाळूला चिकटते गं," ती मला म्हणे.

पितृपक्षात मी काकड्या आणण्यासाठी तिच्या वाडीवर गेले. चढणीवर होते, इतक्यात रानातून आरोळी आली.

"हुर्र्र हाऽऽ हो!"

समोरच्या डोंगराने ती परत फेकली. भातावर उतरलेला पाखरांचा थवाच्या थवा आभाळात उडाला. मला वाटले, कोणी धिप्पाड गडी असेल. वर पाहिले, तर शेतातल्या उंच माळ्यावर, हातात गोफण घेऊन, आमची ठमी उभी! भात दाण्यावर आले की त्यांच्याकडे असा बांबूचा माळा बांधतात आणि त्यावरून पाखरे राखतात.

मी खालूनच ओरडले, "अगं ठमे, हा आवाज बाजारात येताना कुठं ठेवून येतेस?"

"ही पाखरं हायेत आज्ये. ती हसत नाय."

"मग पाखरांनाच वीक काकडी!"

मी थट्टेने बोलले होते. ठमीने मात्र ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवसापासून तिने सवय धरली. पाखरांवर आरोळी ठोकली की त्याच श्वासात पुढचे वाक्य: "काकडी घ्याऽऽ, डोंगराची काकडी!" देऊ बांधावरून विचारी, "पाखरांनी काय भाव लावला गं?" प्रतिभा शाळेत जाण्यापूर्वी खाली उभी राहून गिऱ्हाईक होई. "गोड हाय का?" वरून उत्तर येई, "खाऊन बघ!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजार झेंडूने पिवळा झाला होता. विक्रांतने नेहमीप्रमाणे टोपलीस हात घातला. ठमीने टोपली मागे ओढली आणि ती उभी राहिली! मी हातातील लिंबे खाली ठेवली. ठमीने छाती भरून श्वास घेतला आणि...

"हुर्र्र हाऽऽ हो!"

अरे देवा! पत्र्यावरची सगळी कबुतरे उडाली. फुलवालीच्या हातातील माळ गळून पडली. सगळा बाजार वळून पाहू लागला.

"ओ ताई," विक्रांत ओरडला, "कबुतरं उडवलीत, आता गिऱ्हाईक तरी उडवू नका!"

सगळे खो खो हसू लागले. मला वाटले, संपले, आता ही खाली बसणार. परंतु ठमीची जीभ थांबली नाही. आरोळीच्या मागोमाग दुसरे वाक्य रोज येत होते, ते त्या दिवशीही आपल्या पायांनी चालत आले.

"काकडी घ्याऽऽ, डोंगराची काकडी!"

खांद्याला पर्स लावलेल्या एक बाई हसत पुढे आल्या. "अहो, माझ्या आजोळी अश्शीच आरोळी द्यायचे! गोड आहे का पण?"

"खाऊन बघ!" ठमी तत्काळ म्हणाली.

मी भर बाजारात टाळ्या वाजविल्या! दुपार होण्याआधी टोपली रिकामी झाली, आणि एकही काकडी विक्रांतच्या गाडीवर गेली नाही. तो डोके खाजवत म्हणाला, "उद्यापासून मी गाडी लांब लावतो बाबा."

दसऱ्याला मुकादम वाडीवर आला, तेव्हाचे बोलणे मला प्रतिभाने सांगितले. देऊ कुरकुरत होता, "एका दिसाच्या बाजाराचं काय घेऊन बसलीस?"

ठमी म्हणाली, "माळ्यावर रोज वरडले. बाजारात रोज वरडंन."

देऊने रिकामी टोपली उचलून पाहिली. मग मुकादमास म्हणाला, "यंदा नाय जमत."

काकडी आता सरत आली आहे. त्यानंतर ठमी वालाच्या शेंगा आणणार आहे. प्रतिभा शाळेत जाते आणि देऊ दुसरी टोपली घेऊन बाजारात येतो. काल त्याने प्रथमच तोंड उघडले. "काकडी..." एवढे तो आपल्या गुडघ्यांना म्हणाला.

ठमीने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिले. "यानं एक पाखरू तरी उडंल का?"